मांडीएवढी वाम

आमच्या आदिलाबादकडे मोठ्या मासळीचं माप तीनच आकारांत सांगतात: मनगटाएवढी, पोटरीएवढी आणि मांडीएवढी. मांडी कुणाची, हे कोणी सांगत नाही. मी चौतीस वर्षं पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, जैनद-बेल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत गणित शिकवलं. तळ्यात किंवा डोहात भली मोठी वाम निघाली अशी बातमी आली की आधी सायकल, पुढे स्कूटर काढून पाहायला जात आलो. बायको म्हणायची, लोक देवाला जातात, आमचे हे वामेला जातात. त्या जाण्यायेण्यात जे पदरात पडलं ते इथे आकडे घालून मांडतो. आकडे घालण्याची हाताला सवय आहे, एवढंच. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. टेप जवळ ठेवावा, पण उशिरा काढावा.

२०१६चा उन्हाळा. पाऊस दोन वर्षं रुसलेला, तळी तळाला गेलेली, आणि मिशन काकतीयमध्ये गाळ काढायला जेसीबी उतरलेला. तेलंगणातल्या सेहेचाळीस हजारांवर तळ्यांचा गाळ काढायची ती योजना. त्या चिखलातून एका गावी वाम निघाली. निरोप आला तो असा : "सर, चार हात हाय. मांडीएवढी. लवकर या, नाही तं कापून टाकतीन."

मी पोचलो आणि पोचताच टेप काढला. हीच चूक. मत्स्य सोसायटीतले ज्येष्ठ मामा होते, त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे आमी खोटं बोलून राह्यलो का सर?" जमलेली सगळी माणसं माझ्याकडे परीक्षेतल्या सुपरवायझरकडे पाहावं तशी पाहायला लागली. मग टेप खिशात घातला, चहा झाला, वाम कशी निघाली, जेसीबीवाला कसा उडी मारून पळाला, हे सगळं ऐकून घेतलं. अर्ध्या तासाने मामाच म्हणाले, "पहा बरं आता मोजून." हात म्हणजे अठरा इंच धरले तर चार हात म्हणजे एकशे ब्याऐंशी-त्र्याऐंशी सेंटीमीटर. भरली ब्याऐंशी. शंभराचा फरक. क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाला, "मेल्यावर आखडते ना सर ते."

थोडंसं आखडतेही. पण निम्म्याहून जास्त आखडत नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा माझाच चेहरा उतरला. तळ्यातली ही काटेरी वाम एरवी हात-सव्वा हाताची असते, आणि पुस्तकं तिची शेवटची हद्द नव्वद सेंटीमीटरच्या आसपास सांगतात. म्हणजे ब्याऐंशी ही खरोखर आयुष्यात एकदा दिसावी अशी वाम होती. त्या माणसांचं आश्चर्य अगदी बरोबर होतं, फक्त आकडा चुकलेला होता. आणि मी आकड्यापायी आश्चर्यालाच लाल शेरा मारून आलो होतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? म्या तं आधीच सांगतलं व्हतं."

२. आधी नाव विचारावं, मग लांबी.

'वाम' हे मराठीत एका मासळीचं नाव नाही, एका आकाराचं नाव आहे. कोकणातला माणूस वाम म्हणतो ती समुद्रातली. आमच्याकडे तळ्यात, ओढ्यात, कालव्याच्या तोंडाशी मिळते ती काटेरी वाम : तोंड टोकदार, अंगावर तपकिरी नक्षी, आणि पाठीवर सुट्या सुट्या काट्यांची रांग, जी नवख्याच्या तळहातात एकदा तरी घुसतेच. तेलुगू बोलणारे हिला बोम्मिडाय म्हणतात. गोदावरीच्या खालच्या अंगाला चिंचेच्या कोळात शिजवलेला हिचा पुलुसु खाऊ घालणं हा मोठा पाहुणचार समजतात. शास्त्राच्या हिशेबात ही खरी ईल नाहीच. नातं दूरचं, अंगकाठी मात्र तशीच.

खरी ईल ती अहीर. तेलुगूत मलुगु पामु. पामु म्हणजे साप. संस्कृतात अहि म्हणजे साप, तेव्हा मराठी नावातही सापच दडलेला असावा असं मला वाटतं, पण हा गणिताच्या मास्तरचा व्युत्पत्तिविचार आहे, जपून घ्यावा. अहिरीच्या पाठीवर काटे नसतात, अंग गुळगुळीत आणि चिकट, पिवळसर हिरव्यावर गडद डागांचं, जुन्या भिंतीवर ओल चढावी तसं. आणि कानाशी दोन छोटे पर. काटेरी वामेने मीटर गाठला तर तो चमत्कार. अहिरीला मीटर म्हणजे काहीच नाही.

इंग्रज अंमलात मुंबई सरकारच्या नोकरीतल्या कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या माशांवर १८३९च्या सुमारास लिहिलं, तेव्हा या ईलला त्याने गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं. ते पुढे टिकलं नाही, कारण जॉन ग्रेने १८३१मध्येच बंगालचं नाव देऊन ठेवलं होतं. पण त्याच साइक्सने आपल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द उचलून कितीतरी माशांना लॅटिन कपडे चढवले. खुद्री, कोलूस, नुकटा ही नावं आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. गव्हर्नराचं गेलं आणि भोयाचं राहिलं, हे मला फार आवडतं.

तर मोठ्या वामेची बातमी आली की माझा पहिला प्रश्न आता असतो : "पाठीवर काटे हायत का?" अर्ध्या बातम्यांचा निकाल तिथेच लागतो.

३. पाण्यातल्या मापावर एक चतुर्थांश सूट.

पाण्यात डोळे नेऊन, चष्मा लावून पाहिलं तर वस्तू सुमारे तेहेतीस टक्के मोठी दिसते. काठावरून पाहिलं तर खोल वस्तू वर आल्यासारखी वाटते. त्यात लाटांमुळे एकच पाठ तीनदा वर येते. सातनाला धरणाच्या पाण्यात एकदा आम्ही चौघांनी वीस फुटी काहीतरी वळवळत जाताना पाहिलं. शप्पथ घेऊन सांगितलं असतं. ते काठाला लागलं आणि त्याची पाच पाणमांजरं झाली.

४. डोकं फेकू नये.

आता माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मोठ्या अहिरीबद्दल.

१९८९, भाद्रपद सरत आलेला. पैनगंगेचा पूर उतरून पाणी निवळायला लागलं होतं. दोघा भावांनी डोहात रात्री गळ लावला, बेडकीचा. सकाळी ओल्या बारदानात गुंडाळून त्यांनी ती शाळेच्या पडवीत आणून टाकली, कारण गावात वजनकाट्याशिवाय मोजण्याचं साधन फक्त शाळेत होतं : फळ्यावरची मीटरपट्टी. पण पट्टी सरळ आणि मासळी वाकडी. पाण्याबाहेर येऊन तीन तास झाले तरी ती बारदानातून वाट काढत होती. अहीर कातडीतूनही श्वास घेते, ओल्या गवतातून रात्री एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ही काही मरत नाही.

शेवटी किराणा दुकानातून सुतळी आणली. नाकाशी एक गाठ, शेपटीच्या टोकाशी दुसरी, मधे अंगावरून सुतळी फिरवत नेली. मग ती सुतळी ताणून पट्टीवर धरली. एक मीटर चौदा सेंटीमीटर. तारखेसकट वहीत लिहिलं. वजन तीन किलोला थोडं कमी.

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटत नाही. ती कापली, वाटे झाले, एक वाटा गुरुजींना आला. आजी सत्त्याऐंशीची होती, तिने ती चुलीवर चढू दिली नाही, सापाच्या जातीचं घरात नको म्हणाली. म्हणून अंगणात तीन दगड मांडून शिजवली. चव तेलकट, मरळीहून गोडसर. पोटात खेकड्याचे तुकडे निघाले होते, ते मी वहीत लिहिलं, का कोण जाणे. आणि डोकं मांजराला टाकलं.

बारा-तेरा वर्षांनी हैदराबादला एका प्रशिक्षणात मत्स्यविज्ञानाच्या प्राध्यापक बाई भेटल्या. त्यांना ही हकिकत रंगवून सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "कानातले खडे ठेवलेत?" माशाच्या कानात चुन्याचे इवलेसे खडे असतात. त्यांच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं पडतात. ते घासून भिंगाखाली धरले की वय मोजता येतं. लांबी मी मोजली होती, वजन केलं होतं, चवसुद्धा लिहिली होती. वय मांजराने खाल्लं.

खेकड्याचं मात्र बाईंनी कौतुक केलं. ईल समुद्राकडे निघायची झाली की खाणं सोडते, तिचं आतडं सुकून जातं, डोळे मोठे होतात आणि पोट चंदेरी. आमचीच्या पोटात खेकडा होता. म्हणजे तिचा जायचा मुहूर्त अजून आलेला नव्हता.

५. तळ्यातली ईल तळ्यातली नसते.

हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, अतिशयोक्ती करत नाही. अहीर समुद्रात जन्मते. खोल, खाऱ्या, आदिलाबादच्या कोणत्याही मास्तराने न पाहिलेल्या पाण्यात. जन्मतः ती ईलसारखी दिसतही नाही : विड्याच्या पानासारखी चपटी आणि काचेसारखी आरपार. प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येते, बोटाएवढी पारदर्शक काडी होते, नदीच्या तोंडातून आत शिरते आणि चढायला लागते. कित्येक वर्षं गोड्या पाण्यात वाढते, आणि शेवटी एकदाच, अंडी घालून मरण्यासाठी, आल्या वाटेने परत समुद्रात जाते. नर खाडीच्या आसपासच रेंगाळतात आणि लहान राहतात. इतक्या वर, इतक्या आत येतात त्या बहुतेक माद्या.

आता नकाशा घ्या. आमच्या पैनगंगेचं पाणी चंद्रपूरजवळ वढ्याला वर्धेत मिसळतं. वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यासमोर कालेश्वरमला गोदावरीत जाते. मग भद्राचलम, पापी डोंगरांची घळ, राजमहेंद्री, आणि अंतर्वेदीला बंगालचा उपसागर. ही वाट ती बोटभर काडी उलटी चढून आली होती. त्या दिवशी पडवीत बारदानातून वाट काढत होती ती बंगालच्या उपसागरातून आलेली बाई होती, आणि आम्ही तिला डोहातली समजत होतो.

या बाबतीत फसलेल्यांत मोठमोठी माणसं आहेत. ॲरिस्टॉटलला वाटलं ईल चिखलातून आपोआप उपजते. सिग्मंड फ्रॉइडने १८७६मध्ये, मनाच्या भानगडीत पडण्यापूर्वी, त्रिएस्तला जाऊन चारेकशे ईल फाडल्या, नराचं वृषण शोधायला, आणि ठाम उत्तर काही हाती लागलं नाही. डेन्मार्कचा योहानेस श्मिट १९०४पासून सुमारे वीस वर्षं जाळी टाकत अटलांटिक पालथा घालत राहिला, आणि सर्वांत लहान पिलं जिथे मिळतात त्यावरून त्याने युरोपी ईलचं जन्मठिकाण सारगासो समुद्र असं ठरवलं. गणिती रीत ती : जिथे आकार शून्याकडे जातो तिथे उगम. जपानी ईलची अंडी मोकळ्या समुद्रात प्रत्यक्ष हाती लागायला २००९ साल उजाडलं, मारियाना बेटांच्या पश्चिमेला. मला श्मिटचं नाव वर्गात सांगावंसं वाटायचं, पण अभ्यासक्रमात नव्हतं. सांगितलंच.

६. मोठी दिसली की "किती मोठी" याआधी "इथे किती दिवस अडकली" हे विचारावं.

माझ्या सगळ्या उठाठेवीचं सार खरं तर या एका कलमात आहे, बाकीची कलमं त्याच्याभोवतीचा पाला.

ईल मोठी होते ती राहून राहून. ती एकदाच विते आणि मरते, तेव्हा जोवर जात नाही तोवर जगते, आणि जोवर जगते तोवर, खायला असेल तर, वाढते. न्यूझीलंडच्या लांबपराच्या ईल वर्षाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर अशा वाढतात, आणि तिथल्या रोटोइटी सरोवरात शंभरी ओलांडलेल्या माद्यांची नोंद आहे. कानातल्या खड्यांवरून मोजलेली वयं, गावगप्पा नव्हे. (माओरी भाषेत ईलला टुना म्हणतात. डब्यातल्या टुनाशी घोटाळा करू नये.) स्वीडनमधल्या ब्रांतेविक गावात १८५९मध्ये एका पोराने विहिरीत सोडलेली ईल २०१४मध्ये मेली असं सांगतात. एकशे पंचावन्न वर्षांवर मी सही करणार नाही, पण विहिरीतून समुद्राला वाट नसते हे खरं, आणि अंधारात तिचे डोळे फार मोठे झाले होते असं पाहणारे सांगतात.

विहीर काय आणि धरण काय. धवळेश्वरमला आर्थर कॉटनचा बंधारा १८५२मध्ये पुरा झाला, तेव्हापासून गोदावरीच्या तोंडाशीच पहिला उंबरठा आहे. वर भद्राचलमकडे दुम्मगुडेमचा जुना बांध. अलीकडे पोलावरमचं काम, तुपाकुलगुडेम, आणि प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डा, जून २०१९मध्ये उद्घाटन झालेला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये खांब खचलेला. शेवटी आमच्याच पैनगंगेवर कोरटा-चनाख्याचा बॅरेज. या धरणांनी शेत भिजलं, मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. माझ्याच भाच्याचा कापूस कालव्यावर आहे. पण ईलच्या बाजूने पाहिलं तर वर चढणारी पिलं दर उंबरठ्यावर गळतात. पिलू ओल्या खडकाला चिकटून धबधबासुद्धा चढतं, पण कोरडी काँक्रीटची भिंत म्हणजे भिंतच. आणि जी आधीच वर पोचलेली आहे तिला खाली उतरायची वाट एखाद्या महापुरातच मिळते.

म्हणून दोन गोष्टी एकदम घडतात. ईल कमी होतात, आणि उरलेल्या मोठ्या होतात. गर्दी नाही, खेकडे भरपूर, जायला वाट नाही. लोक मोठी मासळी पाहून म्हणतात, पाणी चांगलं आहे. मी पण म्हणायचो. आता मोठी अहीर म्हटली की मला पेन्शनीला आलेला पण बदलीचा हुकूम न मिळालेला मास्तर दिसतो.

न्यूझीलंडात काही धरणांवर माणसं खाली पिलं धरतात आणि ड्रमात घालून वर नेऊन सोडतात, मोठ्या माद्या धरून खाली. आपल्याकडे ड्रम भरतात ते रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांचे. २०१६पासून तेलंगणा सरकार तळ्यांत ते फुकट सोडतं, आणि सोसायटीची चूल त्यावर पेटते हेही खरं. अहिरीचं बियाणं कोणत्याच हॅचरीत नसतं. ते समुद्राकडूनच यावं लागतं.

७. त्रैराशिक ईलला लावू नये.

हे मी लिहितोय याचं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू येईल. पण ऐका. डेन्मार्कच्या 'डाना' जहाजाला १९३०मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेला ईलसारखं एक पारदर्शक पिलू मिळालं : लांबी एक मीटर ऐंशी. साध्या ईलचं पिलू सात-आठ सेंटीमीटरचं असतं आणि त्याची मीटरभर ईल होते. तर मग एक मीटर ऐंशीच्या पिलाची केवढी होईल? त्रैराशिक मांडा. वीस मीटरच्या पुढे उत्तर जातं. समुद्रसर्पाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना शाळा सुटल्याचा आनंद झाला. १९७०मध्ये डेव्हिड स्मिथने दाखवून दिलं की हे पिलू वेगळ्याच कुळातलं आहे, आणि त्या कुळात पिलाची प्रौढ होताना लांबी वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. त्रैराशिक बरोबर होतं, मासा चुकला होता. पुन्हा कलम २ पाहा.

स्कॉटलंडच्या लॉख नेसचंही तसंच. ओटागो विद्यापीठाच्या नील गेमेल यांच्या चमूने २०१८मध्ये त्या सरोवराच्या पाण्याचे अडीचशे नमुने घेतले आणि त्यात कोणाकोणाचा डीएनए आहे ते तपासलं. सरपटणाऱ्या प्राण्याचा नाही. ईलचा मात्र जवळजवळ सगळीकडे. २०१९मध्ये निकाल आला आणि पेपरांनी लगेच छापलं : राक्षस म्हणजे राक्षसी ईल! आता डीएनएवरून ईल आहे हे कळतं, केवढी आहे ते कळत नाही. हजार बारक्या आणि एक महाकाय, पाण्यात सारख्याच. २०२३मध्ये फ्लो फॉक्सन यांनी पकडलेल्या ईलच्या मापांवरून हिशेब मांडला : तिथे मीटरभराची ईल पन्नास हजारांत एक, आणि सहा मीटरची असण्याची शक्यता जवळपास शून्य. हा पेपर वाचून मला ब्याऐंशी सेंटीमीटरवाल्या मामांची आठवण आली. त्यांना मी फोनवर सांगितलं, पन्नास हजारांत एक. ते म्हणाले, "मंग लॉटरीच म्हना की."

८. कच्चं रक्त तोंडात, डोळ्यात जाऊ देऊ नये. ईलच्या रक्तात विषार असतो, नीट शिजवलं की जातो. चिरताना हाताला जखम असेल तर दुसऱ्याला चिरू द्यावी.

९. साप म्हणणाऱ्याला हसू नये.

पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांतल्या मेस्राम कुळाचा तो देव. त्याच्या अभिषेकासाठी मेस्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन जन्नारमकडच्या हस्तिनमडुगू डोहातून गोदावरीचं पाणी आणतात. जत्रेतल्या दरबारात अधिकारी बसून गाऱ्हाणी ऐकतात, ती रीत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या काळापासूनची, १९४०च्या दशकातली. तिकडच्या आश्रमशाळेत मी दोन वर्षं होतो. एकदा, सापाबद्दलच्या अंधश्रद्धा वगैरे घालवण्याच्या उत्साहात, मी फळ्यावर अहीर काढली आणि विचारलं, "हा साप आहे, होय ना?" पोरं फसतील आणि मग मी समजावून सांगेन असा बेत. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "नाही सर. तुम्ही कानाजवळ पर काढले. सापाले पर नसते." आणि खाली बसला. माझा पुढचा अर्ध्या तासाचा पाठ तिथेच संपला. ज्यांच्या घरात नाग देव आहे त्यांनी नाग नीट पाहिलेला असतो, हे मला सुचायला हवं होतं.

इंडोनेशियात आंबोन बेटावर वाई नावाचं गाव आहे (आपल्या कृष्णाकाठच्या वाईचा काही संबंध नाही). तिथल्या झऱ्यात मोठमोठ्या ईल पाळल्यासारख्या राहतात, गावकरी त्यांना पवित्र मानतात आणि पाण्यात अंडं धरून बोलावतात. त्या बिळातून येतात, खातात, जातात. माझी आजी त्या वाईला गेली असती तर तिने नमस्कार केला असता आणि अंडं मात्र दुसऱ्याला धरायला सांगितलं असतं.

१०. माप वहीत लिहावं, आणि मापाची वस्तूही जपावी.

ती १९८९ची सुतळी मी टाकली नाही. दोन्ही गाठींसकट ट्रंकेत ठेवली, वहीच्या पानात गुंडाळून. घरं बदलली, बदल्या झाल्या, एक जिल्हा होता त्याचे २०१६मध्ये चार झाले, सुतळी राहिली. गेल्या पावसाळ्यात नातू आला होता, पुण्याचा, सहावीतला. त्याला सगळी गोष्ट सांगितली, चार हातांपासून लॉख नेसपर्यंत. पोरगा आजोबांचाच. म्हणाला, "आबा, सुतळी दाखवा." काढली. त्याने ती जमिनीवर सरळ ताणली, एका गाठीवर अंगठा ठेवला, माझ्याच टेपने मोजली.

"एकशे अकरा."

मी म्हटलं, वहीत एकशे चौदा आहे, बघ, तारीखसुद्धा आहे. त्याने वही पाहिली, पुन्हा मोजलं. एकशे अकरा. बाहेर पाऊस लागला होता, पैनगंगा गढूळ झाली असणार, ट्रंकेतली प्रत्येक वस्तू दमट. मी त्याला सांगायला लागलो की ताग ओलसर झाला, वाळला, पुन्हा ओलसर झाला की आखडतो. पोराने माझ्याकडे अगदी नम्रपणे पाहिलं. जसं मी त्या मागून बोलणाऱ्या माणसाकडे पाहिलं होतं.